पुस्तकातून शस्त्र शिकता येतं का? ओकिनावाच्या कोबुदोवरील पुस्तकांविषयी

(हे व्याख्यानाचे शब्दांकन आहे. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती कमी केली आहे. बोलीतली रूपे शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे घेतली आहेत.)

विषय ऐकून काही जणांच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह दिसतंय, ते साहजिक आहे. समीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कादंबरी येते, कविता येते, फार तर नाटक. ‘नानचाकू कसा फिरवावा’ या पुस्तकाची समीक्षा कोणी करत नाही. (हशा) पण माझं म्हणणं असं आहे, की करायला हवी. कादंबरी फसली तर वाचकाची एक संध्याकाळ वाया जाते. शिकवणारं पुस्तक फसलं तर वाचकाचं मनगट जातं, आणि कधी कधी त्याच्या हाती दहा वर्षं चुकीची विद्या राहते. मग या पुस्तकांना आपण कोणताच प्रश्न न विचारता कसं सोडून देतो?

आधी माझी कबुली देऊन टाकतो. कॉलेजात असताना रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला नानचाकूवरचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. मुखपृष्ठ फाटलेलं, पहिली काही पानं गायब. म्हणजे लेखक कोण, प्रस्तावनेत काय इशारा दिलाय, हे मला कळलंच नाही. झाडूच्या दांड्याचे दोन तुकडे केले, भोकं पाडली, नायलॉनची दोरी ओवली आणि गच्चीवर सुरू झालो. पहिल्या आठवड्यात कोपर सुजलं, दुसऱ्या आठवड्यात कानामागे टेंगूळ आलं. आईनं विचारलं, ‘काय रे, कुठं धडपडलास?’ मी म्हटलं, ‘बसमध्ये.’ (हशा) तरी दोन वर्षं नेटानं फिरवत राहिलो. हात बऱ्यापैकी वेगवान झाला. मग एकदा एका जाणत्या सरांसमोर ते करून दाखवलं. त्यांनी शांतपणे बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘छान आहे. पण यात तू मारतोस कुठं?’

मला उत्तर देता आलं नाही. दोन वर्षांत मी हवेत आठाचा आकडा काढायला शिकलो होतो. फटका बसल्यावर दांडा उलटा कुठं येतो, तो कसा आवरायचा, समोरचा माणूस किती अंतरावर हवा, यातलं मला काहीही येत नव्हतं. आजचं व्याख्यान त्या एका प्रश्नातून निघालेलं आहे असं समजा.

आता ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. जपानच्या मुख्य बेटांच्या दक्षिणेला, तैवानच्या दिशेनं पसरलेली र्‍यूक्यू बेटं आहेत. ओकिनावा हे त्यातलं सर्वांत मोठं. इथं १४२९ सालापासून एक स्वतंत्र राज्य होतं. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा संस्थानानं त्यावर स्वारी केली आणि १८७९ मध्ये जपाननं ते पूर्णपणे आपल्यात विलीन केलं. कराटे याच बेटावरचं, आणि कराटेच्या शेजारी वाढलेली शस्त्रविद्या म्हणजे कोबुदो. बो म्हणजे सहा शाकूंची, साधारण १८२ सेंटिमीटरची काठी. साइ म्हणजे मधे लोखंडी दांडा आणि दोन बाजूंना आकडे. त्याला धार नसते. तोन्फा म्हणजे बाजूला मूठ असलेला लाकडी दांडका. अमेरिकेतल्या पोलिसांच्या हातात १९७० नंतर जी आडव्या मुठीची काठी आली, तिचा नमुना हाच. त्याशिवाय नुनचाकू, ज्याला आपल्याकडे सगळे नानचाकूच म्हणतात, कामा म्हणजे विळा, तेक्को म्हणजे मुठीत धरायचं कडं, तिम्बे म्हणजे ढाल आणि सोबतचं आखूड भालावजा हत्यार, सुरुजिन म्हणजे दोन्ही टोकांना वजन बांधलेली दोरी किंवा साखळी. आणि एकू, म्हणजे चक्क होडीचं वल्हं. वल्ह्याच्या कातामध्ये समोरच्याच्या डोळ्यांत वाळू उडवण्याची हालचाल आहे. किनाऱ्यावरच्या माणसानं रचलेली विद्या आहे, हे त्या एका हालचालीतूनच कळतं.

काता म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका. ही विद्या मुख्यतः कातांमधून पुढे आली. त्यांची नावं बघा: ‘चातान यारा नो साइ’, ‘हामाहिगा नो तोन्फा’, ‘साकुगावा नो कोन’, ‘सोएइशी नो कोन’. कुठं गावाचं नाव, कुठं बेटाचं, कुठं घराण्याचं. ही नावं लक्षात ठेवा, कारण पुस्तकांवरचा माझा पहिला आक्षेप इथूनच सुरू होतो.

या विषयावरचं कुठलंही लोकप्रिय पुस्तक उघडा. पहिल्याच पानावर एक गोष्ट असते. राजानं आणि नंतर सात्सुमांनी शस्त्रबंदी केली, मग गरीब शेतकऱ्यांनी शेतीची अवजारं शस्त्रं म्हणून वापरली आणि रात्री गुपचूप सराव करून सामुराईंना तोंड दिलं. गोष्ट फार छान आहे. आपल्याला तर लगेच पटते. सामान्य माणसानं जुलमी सत्तेला नांगरानं उत्तर दिलं, हे कोणाला आवडणार नाही? पण पुरावा शोधायला गेलं की ती ढिली पडते. शुरी किल्ल्यावरचा १५०९ सालचा एक शिलालेख शस्त्रबंदीचा आधार म्हणून दाखवतात. त्यात राजा शो शिन यानं तलवारी आणि धनुष्यबाण राज्याच्या रक्षणासाठी गोळा केले, असा उल्लेख आहे. बंदी घातली असा त्याचा अर्थ ओढून-ताणून काढावा लागतो. शस्त्रागार भरला असाही तो वाचता येतो आणि काही अभ्यासक तसाच वाचतात. शिवाय आत्ताची नावं आठवा. काठीच्या कित्येक कातांना शुरीच्या सरदार घराण्यांतल्या माणसांची नावं आहेत. साइ तर राज्याच्या पोलिसी कामगिरीवरच्या माणसांचं हत्यार म्हणून ओळखलं जातं. म्हणजे ज्या पुस्तकात पान तीनवर ‘ही शेतकऱ्यांची विद्या’ असं लिहिलंय, त्याच पुस्तकात पान साठवर सरदाराच्या नावाचा काता शिकवलाय, आणि लेखकाला त्यात काही खटकत नाही.

तुम्ही म्हणाल, इतिहास चुकला तर हात थोडाच चुकतो? चुकतो. विळा हे ‘शेतकऱ्याचं अवजार’ म्हणून शिकलात तर तुम्ही तो गवत कापल्यासारखा ओढाल. साइ हे माणसाला पकडायचं, रोखायचं हत्यार आहे हे माहीत असेल, तर त्याचे आकडे कशासाठी आहेत हे आपोआप कळतं. पुस्तकातली गोष्ट शरीरात उतरते. म्हणून ती खरी असायला हवी.

आता मुख्य पुस्तकांकडे येऊ. मी दोनच घेतो, कारण ही दोन म्हणजे दोन जाती आहेत आणि बाकीची बहुतेक पुस्तकं यातल्या एखाद्या जातीत बसतात.

पहिलं, ताइरा शिन्केन यांचं ‘र्‍यूक्यू कोबुदो ताइकान’, साल १९६४. ताइरा यांचा जन्म १८९७ चा, कुमेजिमा बेटावरचा. त्यांचं मूळ आडनाव मायेझातो. टोकियोत ते फुनाकोशी गिचिन यांच्याकडे कराटे शिकले आणि १९२९ पासून याबिकु मोदेन यांच्याकडे शस्त्रविद्या. नंतरचं आयुष्य त्यांनी गावोगावचे, बेटाबेटांवरचे काता गोळा करण्यात घालवलं. १९५५ साली त्यांनी या विद्येच्या जतनासाठी संस्था काढली, १९७० साली ते गेले. ही सनावळी मी मुद्दाम सांगतोय. १९४५ ची ओकिनावाची लढाई आठवा. एप्रिल ते जून या तीनच महिन्यांत एक लाखाहून जास्त ओकिनावावासी मेले. शिक्षक गेले, शिष्य गेले, घरं गेली, घरातले कागद गेले. त्यानंतर १९७२ पर्यंत बेट अमेरिकेच्या ताब्यात होतं. अशा काळात सहासष्ट-सदुसष्ट वर्षांचा एक माणूस आपल्याजवळची विद्या छापून ठेवतो. ते पुस्तक कशासाठी आहे? गच्चीवरच्या माझ्यासारख्या पोरासाठी नाही. ते आहे ज्याचा हात आधीच तयार आहे त्याच्यासाठी. आठवण बुजली तर उघडून बघायला.

जपानमध्ये ही जुनी रीत आहे. तलवारीच्या घराण्यांत शिष्याला गुंडाळी द्यायचे. तिच्यात बऱ्याचदा डावांची नुसती नावं असायची. बाहेरच्या माणसाला त्यातून शून्य कळायचं. शिकलेल्याला एका नावासरशी अख्खा डाव आठवायचा. आपल्याकडे गवयाच्या वहीत चिजेचे नुसते शब्द असतात, तसंच. अशा पुस्तकाला मी ‘आठवणीचं पुस्तक’ म्हणतो.

दुसरी जात ‘शिकवणीच्या पुस्तकाची’. तिचा उत्तम नमुना म्हणजे फुमिओ देमुरा यांची इंग्रजी पुस्तकं: नानचाकूवरचं १९७१ चं, साइवरचं १९७४ चं, बोवरचं १९७६ चं आणि तोन्फावरचं १९८२ चं. देमुरा जपानमधले; १९६० च्या दशकात अमेरिकेत गेले; ताइरांकडेही ते शिकले होते. म्हणजे पुस्तकामागचा माणूस पक्का. २०२३ साली ते वारले. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला या शस्त्रांची ओळख करून देण्यात या चार पुस्तकांचा वाटा फार मोठा आहे, हे आधी मान्य करून मग मी बोलतो.

गुण काय? एका पुस्तकात एकच शस्त्र. आधी शस्त्राचे भाग, मग पकड, मग उभं राहणं, मग एकेक हालचाल, मग समोर जोडीदार. छायाचित्रं मोठी आणि क्रमानं लावलेली. भाषा साधी, गूढ काही नाही, ‘गुरुकृपेनं कळेल’ असलं काही नाही. शस्त्र अंगाला मापून घ्यायला ही पुस्तकं शिकवतात, आणि माप हा तर पुस्तकाचा खास प्रांत. साइचा दांडा कोपराच्या थोडा पुढं यायला हवा, तोन्फाचंही तसंच. हे छापील पानावरून बिनचूक शिकता येतं. मला दहा रुपयांचं पुस्तक घेऊन झाडूचा दांडा तोडण्याआधी हे पान मिळालं असतं, तर अर्धी टेंगळं वाचली असती.

मग दोष काय? दोष लेखकाचा कमी आणि माध्यमाचा जास्त आहे. छायाचित्र थांबे दाखवतं, रस्ता दाखवत नाही. साइचंच घ्या. दांडा हाताला चिकटून मागं वळवलेला असतो आणि एका क्षणात तो पुढं उघडतो. पुस्तकात याची दोन चित्रं असतात: आधी आणि नंतर. सगळी विद्या त्या दोन चित्रांच्या मधल्या कोऱ्या जागेत आहे. अंगठा आकड्याच्या बेचक्यात असतो आणि तो खिळीसारखा काम करतो. बाकीची बोटं सोडावी लागतात आणि ऐन शेवटी मिटावी लागतात. नवशिका काय करतो? घाबरून मूठ घट्ट धरतो आणि मनगटाच्या झटक्यानं लोखंड फिरवतो. अर्धा किलो किंवा त्याहून जड लोखंड, दिवसाला दोनशे वेळा, नुसत्या मनगटावर. महिन्याभरात मनगट बोलायला लागतं. चित्रातल्या माणसाची बोटं सैल होती की घट्ट, हे चित्रात दिसतच नाही.

दुसरी अडचण डाव्या-उजव्याची. लेखक कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा असतो. त्याचा उजवा हात तुमच्या डाव्या बाजूला. एक-दोन हालचालींत तुम्ही मनातल्या मनात उलटं करून घेता. पण कातामध्ये माणूस वळतो, पाठमोरा होतो, पुन्हा तिरका येतो. सातव्या-आठव्या चित्राला डोकं दमतं. मी स्वतः ‘शुशी नो कोन’चा पहिला अर्धा भाग एका पुस्तकावरून आरशासारखा उलटा पाठ केला होता. सरांनी बघितलं आणि म्हणाले, ‘अरे, डाव्या हाताच्या काठीचा एक काता आहे. योनेगावा नो कोन. पण हा तो नाही.’ (हशा)

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. ओकिनावाचे लोक तीन शब्द वापरतात. गामाकु, म्हणजे कंबर आणि बरगड्यांखालच्या भागाचा वापर. चिंकुची, म्हणजे फटक्याच्या क्षणी अंग एकवटून येणं. मुचिमि, म्हणजे चिकट, जड, तरी वाहती अशी हालचाल. बरीच चांगली पुस्तकं हे शब्द देतात, त्यांचा अर्थही देतात. पण अर्थ कळणं आणि ते होणं यात अख्खं तप असतं. सर माझ्या कमरेवर दोन बोटं टेकवून म्हणाले होते, ‘इथून.’ त्या दोन बोटांनी जे सांगितलं ते कोणत्याही पानावर मावत नाही.

आणि चौथी गोष्ट समोरच्या माणसाची. पुस्तकातला जोडीदार आज्ञाधारक असतो. तो चित्रात थांबलेला असतो, त्याला घाई नसते, तो घाबरत नाही, त्याची काठी चुकून तुमच्या बोटांवर येत नाही. अंतर आणि वेळ या दोन गोष्टी जिवंत माणसाशिवाय शिकता येत नाहीत. माझ्या गच्चीवर समोर कोणी नव्हतं, म्हणून ‘मारतोस कुठं’ याचं उत्तर नव्हतं.

इथं एक प्रामाणिक शंका कोणीही घेईल. मग इतर पुस्तकं कशी चालतात? कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं. वाटी-चमच्याचं नेमकं माप देणाऱ्या त्या पुस्तकावरून किती घरांत किती जणींनी आणि जणांनी स्वयंपाक शिकला! परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलामुलींनी शिकला. तिथं पुस्तक पुरलं, मग इथं का पुरत नाही?

मी यावर बरेच दिवस विचार केला. मला सापडलेलं उत्तर असं: ‘रुचिरा’ वाचणाऱ्यानं पुरणपोळी आधी खाल्लेली असते. पुस्तक त्याला माप देतं, क्रम देतं. पण पोळी जमली की फसली हे ठरवणारी जीभ त्याच्याकडे आधीच असते. चूक झाली तर त्याची त्यालाच कळते. १९७१ साली अमेरिकेत किंवा नंतर आपल्याकडे नानचाकूचं पुस्तक उघडणाऱ्याकडे ही जीभ नव्हती. त्यानं खरा काता कधी पाहिलेला नव्हता. मग चव कुठून आली? सिनेमातून. १९७२-७३ च्या ब्रूस लीच्या चित्रपटांनी नानचाकू घराघरांत नेला, आणि जगभरच्या वाचकांनी तीच चव प्रमाण मानून पुस्तकं वाचली. वेग, आवाज, खांद्यावरून फिरवणं. वास्तविक ओकिनावाच्या विद्येत नानचाकू हे दुय्यम शस्त्र. मान काठीचा आणि साइचा. पण मागणी नानचाकूची. आणि त्याच लाटेत भीतीही आली. न्यूयॉर्क राज्यानं १९७४ साली नानचाकूवर बंदी घातली. ती घटनाबाह्य ठरायला २०१८ साल उजाडलं. म्हणजे पुस्तक लिहिलं एकानं, त्याचा अर्थ लावला सिनेमानं, आणि शिक्षा झाली शस्त्राला.

म्हणून माझी कसोटी अशी आहे: शिकवणीचं पुस्तक वाचकाला स्वतःची चूक ओळखायला शिकवतं का? ‘असं करा’ हे सगळेच सांगतात. ‘चुकलात तर अमुक ठिकाणी दुखेल’, ‘काठीचा आवाज असा आला तर पकड ढिली आहे’, ‘इथं पाय अडखळला तर मागचं वळण चुकलंय’, असं किती पुस्तकं सांगतात? मी वाचलेल्यांपैकी फारच थोडी. बहुतेकांत बरोबर चित्रं शंभर आणि चुकीचं चित्र एकही नाही. शिकणाऱ्याला चुकीच्या चित्राची गरज जास्त असते.

आता नाण्याची दुसरी बाजू. इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, ‘बघा, शेवटी गुरूशिवाय पर्याय नाही.’ या वाक्यापाशी थांबायला मी तयार नाही. एका वर्गात मी काही महिने जात होतो. नाव घेत नाही. तिथले शिक्षक साइचा एक काता शिकवायचे. एका मुलानं पुस्तक आणलं आणि भीत भीत विचारलं, ‘सर, यात मधे एक तुकडा जास्त आहे.’ सर चिडले. म्हणाले, ‘पुस्तकं वाचून शिकायचं असेल तर इथं येऊ नका.’ पुढं कळलं, की सरांना तो तुकडा कोणी शिकवलाच नव्हता. स्वतःच्या गुरूंकडून ते निम्मं शिकून बाहेर पडले होते. म्हणजे माणूसही कोऱ्या जागा ठेवतो. फरक इतकाच, की पुस्तकातली कोरी जागा दिसते, माणसातली झाकलेली असते.

छापील पुस्तक तारीख घालून साक्ष देतं, हे त्याचं मोठं बळ. एकाच नावाचा काता ताइरांच्या परंपरेत एका तऱ्हेनं आणि मातायोशी घराण्याच्या परंपरेत दुसऱ्या तऱ्हेनं करतात. कोणता खरा, यावर लोक भांडतात. पण पुस्तक समोर असलं की निदान एवढं म्हणता येतं: अमुक साली अमुक माणूस हे असं करत होता. आणि परंपरा गोठलेली नसते हेही कळतं. तेक्कोचा ‘मायेझातो नो तेक्को’ हा काता ताइरांनी स्वतः रचला, असं त्यांच्याच परंपरेत सांगतात. नाव त्यांच्या मूळ आडनावाचं. जतन करणाऱ्या माणसानं नवं रचलंही. ‘हजारो वर्षांची अखंड विद्या’ असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

शुरीच्या किल्ल्याचं उदाहरण देतो. १९४५ च्या लढाईत तो जमीनदोस्त झाला. १९९२ साली त्याचा मुख्य महाल पुन्हा उभा राहिला. कशाच्या आधारावर? कामाकुरा योशितारो नावाच्या अभ्यासकानं युद्धाआधी घेतलेली छायाचित्रं आणि लिहून ठेवलेल्या टिपणांचा त्यात मोठा उपयोग झाला. २०१९ च्या ऑक्टोबरात तो महाल आगीत पुन्हा गेला आणि पुन्हा बांधायची वेळ आली. तेव्हा कागदाला हसू नका. पण कागदावरून महाल उभारला तो सुतारांनी. लाकूड कसं जोडायचं हे हातांना येत होतं, म्हणून छायाचित्र उपयोगी पडलं. सुतारच उरले नसते तर कामाकुरांची टिपणं संग्रहालयात शोभून दिसली असती, एवढंच.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. बडोद्याहून १९३६ पासून ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत निघाला, मराठीत. कुस्ती, मल्लखांब, लाठी, आसनं, सगळं त्यात नोंदवलेलं. किती प्रचंड काम! पण मल्लखांब आज जिवंत आहे तो आखाड्यांमुळे, मर्दानी खेळ जिवंत आहे तो कोल्हापूरच्या तालमींमुळे. कोश आहे म्हणून त्यांना पडताळून बघता येतं. तालीम आहे म्हणून कोशाला अर्थ राहतो. ओकिनावाच्या पुस्तकांचं आणि दोजोंचं नातं मला याच जातीचं वाटतं.

तर निवाडा काय? ताइरांचं पुस्तक आठवणीचं म्हणून वाचाल तर ते अनमोल आहे. शिकवणीचं म्हणून वाचाल तर ते तुम्हाला दाराबाहेरच उभं ठेवील. देमुरांची पुस्तकं शिकवणीच्या पुस्तकांत वरच्या पायरीवरची. पण तीही दारापर्यंतच नेतात, आणि ‘पुढं माणूस शोध’ हे वाचकाला स्वतःच ओळखावं लागतं. आणि त्यांच्यावरून उचलून, इतिहासाचं तेच अर्धं पान आणि दुसऱ्याचीच चित्रं छापून निघालेली जी असंख्य पुस्तकं आहेत, ती विकत घेऊ नका. माझं ते फाटकं पुस्तक मी अजून ठेवलंय. त्यानं मला शिकवलं काही नाही, पण सरांच्या दारापर्यंत नेलं. एवढं श्रेय त्याचं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या तालुक्यात हे शिकवणारं कोणीही नाही. पुस्तक आहे. काहीच करू नये का?

करावं. पण बो पासून करावं, नानचाकूपासून नको आणि साइपासून तर नकोच. हलकी, सरळ काठी घ्या, मोकळी जागा बघा, आजूबाजूला लहान मुलं नाहीत ना ते बघा. पहिले सहा महिने काता उघडूच नका. पकड, हात सरकवणं, एक सरळ फटका, एक अडवणं, आणि उभं राहणं, बस्स. मोबाइलवर स्वतःचं चित्रीकरण करा आणि पुस्तकातल्या चित्राशेजारी ठेवा. कुठं दुखतंय ते वहीत लिहा. आणि वर्षातून एक-दोनदा तरी कुठल्या जाणत्या माणसाकडे जाऊन या. तेव्हा ‘मी एवढं शिकलो’ असं सांगू नका, ‘यात काय चुकतंय’ असं विचारा.

प्रश्न : आता हवे तेवढे व्हिडिओ आहेत. मग पुस्तकाची गरजच काय?

चांगला प्रश्न. मघाशी मी जिभेबद्दल बोललो, ती जीभ व्हिडिओमुळे थोडी तयार होते. दोन चित्रांमधला रस्ता त्यात दिसतो. म्हणून व्हिडिओ जरूर बघा. पण बोटं सैल की घट्ट हे तिथंही दिसत नाही, आणि समोरचा माणूस तिथंही नाही. उलट व्हिडिओ पुढं पळतो; पुस्तक तुम्हाला एका पानावर आठवडाभर अडवून ठेवतं. मला वाटतं, शिकणाऱ्याला त्या अडण्याची गरज असते. तिन्ही वापरा. फक्त चूक दाखवायचं काम माणसाकडेच द्या.